लसूणघास : पाला आणि बियाणे

आपल्याकडील कृषिविषयक वाङ्मयात ऊस, कापूस, ज्वारी आणि अलीकडच्या काळात द्राक्षे व डाळिंबे यांना जो मान मिळत आला आहे, त्याच्या शतांशानेही मान जनावरांच्या वैरणीला मिळालेला नाही. आणि याचे कारण असे की, वैरण ही पेरावयाची, राखावयाची आणि पिढ्यानुपिढ्या सुधारावयाची वस्तू आहे, ही कल्पनाच आमच्या शेतीच्या हिशेबात फार उशिरा शिरली. कडबा हा ज्वारीच्या मागून आपोआप येणारा, गवत हे कुरणात व बांधावर पावसाच्या कृपेने उगवणारे, आणि उसाचे वाढे गाळपाच्या हंगामात हाती लागणारे, अशी वैरणीची सोय परस्पर होत असल्यामुळे तिच्यासाठी चांगली जमीन आणि विहिरीचे पाणी खर्ची घालणे हे अनेकांना आजही उधळेपणाचे वाटते. देशातील एकूण लागवडीच्या क्षेत्रापैकी चाऱ्याच्या पिकांच्या वाट्याला सुमारे 4 टक्केच क्षेत्र येते, हा आकडा वर्षानुवर्षे जवळपास जागचा हललेला नाही. वास्तविक वैरणीचे मोल या मुलखातील कर्त्या पुरुषांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. चिपळूणच्या परिसरात छावणी करून राहिलेल्या लष्कराला शिवछत्रपतींच्या दरबारातून गेलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्याच्या बेगमीसाठी साठविलेला दाणा व गवत बेहिशेबी उडविले तर घोडी उपासाने मरतील आणि लोक रयतेला उपद्रव देऊ लागतील, येथपासून ते रात्री जळत्या दिव्याची वात उंदराने ओढून नेऊन गवताची गंज पेटू नये, येथपर्यंतचा बारकावा त्या पत्रात आहे. साठवणुकीचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या समाजाने उत्पादनाचा विचार मात्र पाऊस आणि कुरण यांच्यावर सोपवून द्यावा, ही गोष्ट मला नेहमीच विचार करावयास लावणारी वाटली आहे.

द्विदल वर्गातील ज्या एका पिकाने ही परंपरागत समजूत पुष्कळ अंशी मोडून काढली, ते पीक म्हणजे लसूणघास. नगर, पुणे, सातारा, सोलापूर या बाजूच्या बागायतदाराला त्याचे पूर्ण नावही घ्यावे लागत नाही. नुसते 'घास' म्हटले की विहिरीजवळचा तो हिरवागार वाफा, रोज विळ्याने एकेक पट्टा कापीत जाणे आणि पहिल्या टोकापासून पुन्हा कापणीला आलेला फुटवा, हे सारे चित्र त्याच्यापुढे उभे राहते. या वनस्पतीचे मूळ स्थान इराण, कॉकेशस आणि त्याच्या लगतचा पश्चिम आशियाचा प्रदेश असून, मानवाने केवळ जनावरांसाठी म्हणून पेरलेल्या वनस्पतींत तिचा क्रम बहुधा सर्वांत आधी लागतो. तिचा सारा इतिहास घोड्यांच्या टापांमागून चाललेला आहे. इराणी फौजांबरोबर ती ग्रीसमध्ये गेली असे प्लिनी सांगतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात हान सम्राटाचा वकील चांग च्येन मध्य आशियात जाऊन आला, त्या संबंधांतून फरगाण्याच्या नामांकित घोड्यांच्या पाठोपाठ तिचे बी चीनमध्ये पोहोचले. आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते मेक्सिको व पेरू येथे नेले. आपल्याकडेही लष्करी छावण्या व घोड्यांच्या पागा यांच्या आश्रयाने तिची लागवड वाढली, आणि पुढे दूधधंदा वाढला तसतशी ती पागेतून गोठ्यात आली. घोड्यांचे दिवस सरल्यावरही ज्या पिकाची गरज वाढतच गेली, त्याच्या ठायी काही विशेष गुण असले पाहिजेत, हे उघड आहे.

ते गुण थोडक्यात सांगता येण्याजोगे आहेत. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनांचे प्रमाण जेमतेम 3 ते 4 टक्के असते, तर वेळेवर कापलेल्या घासाच्या शुष्क भागात ते 18 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते, आणि चुन्याचा अंशही त्यात विपुल असल्यामुळे दुभत्या जनावराला तो विशेष मानवतो. या पिकाच्या मुळ्या निचऱ्याच्या जमिनीत कित्येक मीटर खोल उतरतात. त्या मुळ्यांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. हे रहस्य हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने 1886 साली बर्लिनच्या सभेत उलगडून दाखविले, आणि हरभरा किंवा तूर घेतल्यावर रान सुधारते, हा जो अनुभव शेतकरी शतकानुशतके सांगत होता, त्याला शास्त्राचा आधार मिळाला. बहुवर्षायु वाण ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा पेरला की पहिली कापणी सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी आणि नंतरच्या कापण्या साधारण 25 दिवसांच्या अंतराने मिळत राहतात. चांगल्या मशागतीत वर्षाकाठी हेक्टरी 100 टनांहून अधिक हिरवा चारा निघतो, आणि हा क्रम तीन वर्षे चालतो. मात्र हे सारे पाण्यावर अवलंबून आहे. पाणथळ जमीन, आम्लधर्मी तांबडी जमीन आणि निव्वळ जिरायत रान ही तिन्ही या पिकाला वर्ज्य समजावीत. तशा ठिकाणी दशरथ घास किंवा स्टायलो यांचा विचार करणे शहाणपणाचे. त्याचप्रमाणे नुसता ओला घास भरपूर खाऊ घातल्यास जनावराला पोटफुगी होऊन ते दगावण्याचाही संभव असतो, म्हणून त्यात कडब्याची कुट्टी मिसळण्याचा जो शिरस्ता जाणत्या शेतकऱ्यांनी पाडला आहे, तो कधीही मोडू नये.

आता या पिकाची सुधारणा म्हणजे नेमके काय करावयाचे, या मुख्य प्रश्नाकडे वळतो. गव्हाच्या व भाताच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी क्रांती झाली, तिच्या मुळाशी एक युक्ती होती: झाडाची उंची कमी करून जे वजन पूर्वी काडात जात असे ते दाण्यात वळविले गेले. एकूण वनस्पतिभार फारसा वाढला नाही. त्याची वाटणी बदलली. घासाच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही, कारण येथे जमिनीवर जेवढे आहे तेवढे सगळेच आपण कापून नेतो, आणि वाटणी बदलून लाभ करून घ्यावा असा शिल्लक भागच उरत नाही. त्यात आणखी अडचण अशी की, या वनस्पतीच्या पेशींत गुणसूत्रांचे चार संच असतात, ती स्वभावतः परपरागित आहे, आणि स्वपरागाने वाढविलेली तिची संतती दोन-तीन पिढ्यांतच दुबळी होत जाते. त्यामुळे मक्यासारखे शुद्ध वंश तयार करून त्यांचा संकर घडविण्याचा राजमार्ग येथे बंद आहे. पैदासकाराला अनेक निवडक झाडे एकत्र ठेवून त्यांच्या मुक्त परागीभवनातून वाण घडवावा लागतो, आणि असा वाण म्हणजे परस्परांशी साधर्म्य असलेल्या, पण परस्परांहून भिन्न अशा असंख्य व्यक्तींचा समुदायच असतो. म्हणूनच पाल्याच्या निव्वळ उत्पादनशक्तीत झालेली वाढ जगात सर्वत्र मंद गतीने झाली आहे. जी मोठी प्रगती झाली ती रोग आणि किडी यांच्याविरुद्ध टिकाव धरणारे वाण निर्माण झाल्याने झाली. अमेरिकेत मर रोगाने घासाची शेते दोन-तीन वर्षांत उजाड होऊ लागली, तेव्हा त्या रोगाला तोंड देणारा 'रेंजर' हा वाण विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी तयार करण्यात आला. 1954 च्या सुमारास एका नव्या माव्याने तेथील नैऋत्य भागात थैमान घातले, तेव्हाही संशोधकांनी औषधाच्या फवाऱ्याइतकाच भरवसा प्रतिकारक झाडांच्या निवडीवर ठेवला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. 88, आणंदचा आनंद-2, झाशीच्या चारा संशोधन संस्थेचा चेतक, हे आपल्याकडील वाणही निवडीच्या याच दीर्घ, चिकाटीच्या वाटेने आलेले आहेत.

शेतकऱ्याच्या हातात असलेली सुधारणा मात्र याहून पुष्कळ जलद फळ देते, आणि तिचे मर्म कापणीच्या वेळेत आहे. घास कापल्यावर नवा फुटवा येतो तो पानांच्या बळावर येत नाही, कारण पाने तर आपण नेलेली असतात. तो मुळांत साठविलेल्या अन्नावर येतो. फुटवा वीतभर होईपर्यंत हा साठा घटत राहतो आणि त्यानंतर नवी पाने तो पुन्हा भरू लागतात. विस्कॉन्सिन येथील ग्रेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1927 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही गोष्ट विस्ताराने सिद्ध केली. साठा भरण्याआधीच जो मालक विळा घालतो, तो प्रत्येक कापणीत पुढल्या कापणीचे भांडवल खातो, आणि दुसऱ्या वर्षी वाफा विरळ होऊन त्यात हरळी व लव्हाळा शिरला म्हणजे बियाण्याला दोष देत बसतो. उलट फुलोरा पुरता भरेपर्यंत थांबले तर वजन वाढते, पण खोड जून होते, खालची पाने गळतात आणि प्रथिने घटतात. शेतात दहांतील एखाद्या काडीला फूल दिसू लागले की कापावे, हा जो मध्यम मार्ग सर्वत्र मान्य झाला आहे, तो या दोन तोट्यांचा हिशेब घालूनच ठरलेला आहे.

येथवर पाल्याची गोष्ट झाली. बियाण्याची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत उपेक्षित व सर्वांत रम्य भाग तोच आहे.

लसूणघासाचे जांभळे फूल रचनेने हरभऱ्या-वाटाण्याच्याच घराण्यातले. पण वाटाण्याचे फूल आपले आपण फळ धरते, तसे याचे नाही. खालच्या दोन पाकळ्या एकत्र मिळून जी नौका बनते, तिच्यात पुंकेसरांची नळी आणि स्त्रीकेसर ताणलेल्या स्थितीत अडकवून ठेवलेले असतात. एखादी मधमाशी बसून नौकेवर भार देते त्या क्षणी ती अटक सुटते, केसरांचा दांडा झटक्याने वर उसळून माशीच्या मस्तकाखाली आपटतो, तिच्या अंगावरील परक्या झाडाचे पराग स्त्रीकेसराग्रावर चिकटतात आणि फुलाचे स्वतःचे पराग तिच्या अंगाला लागतात. ही क्रिया प्रत्येक फुलात एकदाच घडते. जे फूल असे सुटले ते काही तासांतच कोमेजते आणि फलधारणेस लागते. जे सुटले नाही ते आठवडाभर टवटवीत राहून अखेर शेंग न धरता गळून पडते. म्हणून बियाण्याचे शेत जाणत्या नजरेने पाहणाराचा निकष सामान्य प्रेक्षकाच्या अगदी उलट असतो: जांभळ्या फुलांनी डवरलेले, पाहताच मन प्रसन्न करणारे शेत म्हणजे माश्या काम करीत नाहीत याची साक्ष, आणि मळकट, विटलेले, फुले कोमेजलेली दिसणारे शेत म्हणजे उत्तम पिकाचे लक्षण.

आपल्या ओळखीची मध देणारी माशी या कामी म्हणावी तशी उपयोगी पडत नाही. मस्तकावर बसणारा तो तडाखा तिला आवडत नाही, आणि ती लवकरच फुलाच्या बगलेतून सोंड घालून, अटक न सोडविता, मकरंद काढून नेण्यास शिकते. पराग गोळा करावयास आलेली असली तरच ती फुले सोडविते, आणि तेही विशेषतः उष्ण व कोरड्या प्रदेशात. पश्चिम अमेरिकेत बियाण्याचे उत्पन्न असे अडून बसले असता, विसाव्या शतकाच्या मध्यास युटामधील लोगन येथे जॉर्ज बोहार्ट प्रभृती संशोधकांनी रानटी माश्यांकडे लक्ष वळविले. त्यांत दोन जाती विशेष गुणी ठरल्या. पहिली जात खारवट, ओलसर जमिनीत बिळे करून राहणारी. वॉशिंग्टन राज्यातील टशेट खोऱ्यातील शेतकरी तिच्यासाठी मुद्दाम जमिनीचे तुकडे राखून ठेवतात, त्यांना खालून पाणी देऊन वर मीठ पसरतात, आणि माश्यांच्या हंगामात वाहने सावकाश हाकावीत अशा पाट्या रस्त्यावर लावतात. शेतकऱ्याने खारपड जमीन बुद्ध्या जतन करावी, असे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. दुसरी जात पाने गोल कातरून त्यांच्या पेल्यांत अंडी घालणारी. गुलाबाच्या पानांच्या कडा कंपासाने कापल्यासारख्या दिसतात ते याच कुळातील माश्यांचे काम. ही माशी युरेशियातून अमेरिकेत अभावितपणे गेली, लाकडी फळ्यांना पाडलेल्या छिद्रांत सुखाने राहते असे दिसून आले, आणि कॅनडात लेथब्रिज येथे हॉब्स यांनी तिच्या संगोपनाची पद्धत बसविली. घरट्यांच्या पेट्या हिवाळ्यात थंड ठेवावयाच्या आणि फुलोऱ्याच्या बेताने ऊब देऊन माश्या बाहेर काढावयाच्या, असा तो सारा बंदोबस्त आहे. त्यायोगे वायव्य अमेरिकेत बियाण्याचे हेक्टरी उत्पन्न सुमारे तिप्पट झाले. न्यूझीलंडमध्येही पूर्वी लाल क्लोव्हरचे बी धरत नसे, म्हणून ते दरसाल इंग्लंडहून आणावे लागे. 1885 साली तेथून भुंगेमाश्या नेऊन सोडल्या तेव्हा कोठे ते बी धरू लागले. द्विदल चाऱ्याच्या इतिहासात माशीचा अधिकार पैदासकाराहून कमी नाही, एवढे यावरून निःसंशय सिद्ध होते.

आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी या माश्या आहेत आणि पाने कातरणाऱ्या माश्यांच्याही अनेक जाती आहेत. परंतु बांध नांगरून टाकणे, जुनी झुडपे काढून टाकणे आणि फुलोऱ्यातच कीटकनाशके फवारणे, या तीन सवयींनी आपण त्यांचे वसतिस्थान आणि जीवित दोन्ही धोक्यात आणतो. बियाण्याच्या रानात औषध मारणे भागच पडले, तर ते माश्या परतल्यावर, दिवस मावळताना मारावे.

माशीखेरीज बियाण्याच्या पिकाचे आणखी जे नियम आहेत ते चाऱ्याच्या नियमांना जवळजवळ विरोधी आहेत, आणि या पुस्तकाचा मुख्य आशय मी ज्यात मानतो तो हाच. चाऱ्यासाठी हेक्टरी 25 किलो बी दाट पेरावे. बियाण्यासाठी ओळींत अंतर ठेवून त्याहून पुष्कळ कमी पेरावे, म्हणजे ऊन व माश्या खालच्या फुलांपर्यंत पोहोचतात. चाऱ्याला पाणी मुबलक हवे. बियाण्याला ते हात राखून द्यावे, कारण अति पाण्याने झाड फुलण्याऐवजी पुन्हा पाल्याकडे वळते व लोळते. चाऱ्याला नत्र-स्फुरदाची चिंता पुरे. बियाण्याला बोरॉनची उणीवही बाधते. महाराष्ट्रात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी कापणी थांबवून पीक फुलावर सोडले, तर कोरड्या हवेत शेंगा भरून एप्रिल-मे महिन्यांत काढणी होते. यास उशीर झाला तर वळवाचा पाऊस तयार शेंगांवर पडतो. आपला सामान्य रिवाज मात्र असा की, थकलेला, विरळ झालेला, शेवटच्या वर्षाचा वाफा बियाण्यासाठी सोडून द्यावयाचा. पाल्याची जी उरली-सुरली बाकी तिलाच आपण बी म्हणतो. हेक्टरी दोन-तीन क्विंटल बी हे आपल्याकडे बरे उत्पन्न समजले जाते, आणि तेवढ्यात जेमतेम दहा हेक्टरांची पेरणी होते. मग बाजारात बी महाग व भेसळीचे मिळाल्यास नवल ते काय?

या भेसळीत सर्वांत घातक म्हणजे अमरवेल. पिवळ्या सुतासारखा हा परोपजीवी वेल घासाच्या खोडात आपली चूषके रोवून त्याचा रस पितो, आणि त्याचे बी आकाराने घासाच्या बियांशी इतके जुळते की साध्या चाळणीने ते वेगळे होत नाही. शिवाय ते जमिनीत वर्षानुवर्षे सजीव राहते. प्रगत देशांत त्याच्या खरखरीत पृष्ठभागाचा फायदा घेऊन मखमलीच्या रुळांवरून बी घरंगळवितात, म्हणजे अमरवेलीचे दाणे मखमलीला अडकून राहतात. आपल्या शेतकऱ्यापुढे उपाय एकच: खात्रीचे प्रमाणित बी घ्यावे, आणि वाफ्यात वेल दिसताच तो भाग फुलावर येण्याआधी मुळासकट काढून जाळावा. ज्या वाफ्यात एकदा तो दिसला, तो बियाण्यासाठी कदापि राखू नये.

वाणाचे बी कोठे पिकवावे हाही गौण प्रश्न नाही. रेंजर वाण थंड नेब्रास्कात जन्मला, पण त्याचे बी तेथे पुरेसे होईना म्हणून ते उष्ण कॅलिफोर्नियात पिकविण्याची व्यवस्था करण्यात आली. तेथे बी तर मुबलक आले, परंतु अशा ठिकाणी पिढ्यामागून पिढ्या काढल्यास उष्ण हवेत अधिक फळणाऱ्या झाडांचे प्रमाण वाढत जाऊन वाणाची थंडी सोसण्याची शक्ती क्षीण होते असे आढळले, आणि पायाभूत बियाण्यापासून किती पिढ्या बाहेर घ्यावयाच्या यावर मर्यादा घालावी लागली. समुदायरूप वाणाचे जतन हे दस्तऐवजाच्या नकला करण्याइतके सोपे नसते. आपल्याकडे गुजरातेत पिकलेले बी महाराष्ट्रात पेरताना हाच विवेक बाळगावयास हवा: पेरणीचे बी दूरचे असले तरी चालेल, पण वाणाचे मूळ ज्या हवामानात निवडले गेले तेथेच त्याचे पायाभूत बी राखले जावे.

या पुस्तकाच्या पुढील प्रकरणांत जमीन, पेरणी, खते, पाणी, कीड, कापणी आणि काढणी यांचा तपशील क्रमाने आला आहे. वाचकाने तो आपल्या रानाशी ताडून पाहावा. दूध संघांच्या चालकांना मात्र माझी वेगळी विनंती आहे. संघाचे सभासद रोज ज्या घासावर दूध काढतात, त्याचे बी आज बहुतेक ठिकाणी बाजाराच्या भरवशावर आहे. प्रत्येक संघाने आपल्या कार्यक्षेत्रातील चार-पाच विश्वासू शेतकरी निवडून, कृषी विद्यापीठाकडून पायाभूत बियाणे घेऊन, केवळ बियाण्यासाठी म्हणून नवे क्षेत्र पेरावे, त्याच्या बांधावरील झुडपे राखावीत आणि निघालेले बी सभासदांना रास्त भावाने द्यावे. येत्या ऑक्टोबरात पेरले तर तयार झालेले बी पुढच्या हंगामाच्या आत त्यांच्या हाती असेल.